येऊरची सवय वाळूत चालेल का?

प्रश्न : मी ५८ वर्षांची, ठाण्यात कोपरीला राहते. दर रविवारी येऊरच्या डोंगरात दोन तास चालते. डिसेंबरात आम्ही दोघं जैसलमेरला जातोय. वाळवंटात एक दिवस पायी भटकता येईल का?

उत्तर : ताई, जरूर जाऊन या! मात्र येऊरचा हिशेब तिथे लावू नका. मऊ वाळूत पाऊल मागे सरकतं, पोटऱ्या लवकर भरून येतात. एकूण पाच किलोमीटर पुष्कळ झाले. जैसलमेरजवळच्या सम गावी जीप आणि उंटांची जत्रा असते. म्हणून मी तिथलंच खुरी हे गाव सुचवेन. ते वाळूच्या टेकड्यांना लागूनच आहे. डिसेंबरअखेर तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. तेव्हाच निघा, अकराच्या आत परता.

पाणी माणशी तीन लिटर. ठाण्यात घामाने सदरा चिकटतो, म्हणून तहान कळते. तिथल्या कोरड्या हवेत घाम जागीच सुकतो, शरीरातलं पाणी गेलेलं कळतच नाही. मी पहिल्या खेपेला एकच बाटली नेली होती. दुपारभर डोकं ठणकत बसलो. शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ-साखर-लिंबू सोबत असू द्या.

घोट्यापर्यंतचे बूट घाला. सँडल नकोच. भुरट गवताचे काटेरी गोंडे मोज्यांना असे चिकटतात, की संध्याकाळ ते वेचण्यातच जाते! पहाटे स्वेटर लागेल, त्यावर ओढणी.

पावलांच्या खुणांवर परतायचा भरवसा ठेवू नका, वारा त्या पुसतो. गावातला वाटाड्या घ्या, आणि पैसे आधी ठरवा.