पोटाचं डायलिसिस चालू असताना चालणं-फिरणं, व्यायाम करावा का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं सीएपीडी (नळीनं पोटात औषधी पाणी सोडून, नंतर काढून घरीच करायचं डायलिसिस) सुरू होऊन दोन महिने झाले आणि नळी निसटेल या भीतीनं घरचे त्यांना बाजेवरून उठू देत नाहीत. मी डॉक्टर नाही. परभणी जिल्ह्यातला शेतकरी आहे, माझ्या पोटात नळी बसून चौथं वर्ष चालू आहे.

चालल्यानं नळी निसटत नाही. कातडीखाली नळीला कापडासारखे पट्टे असतात (त्यांना ‘कफ’ म्हणतात), काही आठवड्यांत आपलं मांस त्यात धरतं. नळी लोंबू मात्र देऊ नका, हिसका बसतो. मी ती चिकटपट्टीनं पोटाला लावतो, वरून आईनं शिवलेला सुती पट्टा.

खरी भीती उचलण्याची. पोटात दोन लिटर पाणी म्हणजे आतून भिंतीवर आधीच दाब. त्यात दम रोखून वजन उचललं की जिथं कच्चं असेल तिथं हर्निया होतो: बेंबी, जांघ, नळीची जागा. माझं तेच झालं. मे महिना, पाण्याचा २० लिटरचा जार उंबऱ्यावरून ओट्यावर ठेवला, एवढंच. दुखलं काहीच नाही. चार दिवसांनी आंघोळीला बसलो तर बेंबीपाशी लिंबाएवढा फुगा. आडवं झालं की गायब. ऑपरेशन झालं आणि जखम भरेपर्यंत मानेत नळी घालून रक्ताचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा शहराच्या खेपा. एका जारापायी!

आता दिवस उगवायच्या आत शेतातल्या आखाड्यापर्यंत जाऊन येतो. नुसतं चालायला पाणी पोटात असलं तरी चालतं. जोर लागणारं काही असेल तर पाणी काढून झाल्यावर, आणि तेही नर्सला विचारून. कपालभाती, सूर्यनमस्कार मला डॉक्टरांनी बंद केले. संडासला कुंथणं आणि जुना खोकला हेही पोटावर जोरच, पण लाजेपायी कोणी सांगत नाही. बद्धकोष्ठ असेल तर पाणीही नीट निघत नाही, म्हणून त्यावर औषध मागून घ्या.

विहिरीत पोहणं विसरायचं. पाटाच्या पाण्यातसुद्धा उतरू नये. घाम आला की नळीची जागा शिकवल्याप्रमाणे साफ करून कोरडी करायची. चालून आलो म्हणून तांब्याभर पाणी ढोसायचं नाही, ठरवून दिलेल्या मापातच प्यायचं. काढलेलं पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, ताप आला तर व्यायाम राहू द्या. ती पिशवी तशीच ठेवून लगेच दवाखान्यात फोन करा.

वडिलांचं हृदय, हिमोग्लोबिन, बीपी कसं आहे ते मला माहीत नाही, म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले की अंगणातच दहा मिनिटांपासून सुरू करा. बोलता बोलता धाप लागली किंवा चक्कर आली तर बसवा. शुगर असेल तर खिशात साखरेची पुडी असू द्या. आणि जार तुम्हीच उचला.