रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन क्रीम कसं वापरायचं? त्याने अंगातून वाफा येणं थांबतं का?

योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम कोरडेपणा, जळजळ आणि संबंधाच्या वेळचं दुखणं यांवर छान काम करतं, पण वाफा आणि रात्रीचा घाम त्याने थांबत नाहीत, कारण ते रक्तात फारच थोडं उतरतं. त्यांच्यासाठी इस्ट्रोजेनची गोळी, पॅच किंवा त्वचेवरचं जेल लागतं, आणि गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही. क्रीमची नेहमीची पद्धत अशी: पहिले 2 आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून 2 वेळा, प्रत्येक वेळी साधारण अर्धा ते 1 ग्रॅम. नेमकी मात्रा चिठ्ठीप्रमाणेच घ्या. अ‍ॅप्लिकेटर (क्रीम आत सोडायची नळी) काठोकाठ भरू नका, नळीवरच्या खुणेपर्यंतच भरा; चूक बहुतेक इथेच होते. झोपायच्या वेळी आडवं पडून लावा, उभ्याने लावलं तर बरंचसं बाहेर येतं. जळजळ योनीच्या तोंडाशी असेल तर बोटाच्या टोकावर थोडं घेऊन तिथेही लावा. दट्ट्या काढून अ‍ॅप्लिकेटर कोमट पाण्याने धुवा, उकळू नका. संबंधाआधी वंगण म्हणून हे क्रीम वापरू नये. काही क्रीममुळे लेटेक्सचा कंडोमही कमकुवत होतो. आठवड्याभरात फरक नाही म्हणून कृपया सोडू नका: पेशींचा थर पुन्हा जाड व्हायला काही आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला 12 आठवडेही. मात्र स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, किंवा पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव झाला असेल, तर आधी डॉक्टरांची तपासणी, मगच क्रीम.