गाडीवरचा जुना भोंगा ओळखायचा कसा?

जुन्या बाजारात एक जड, गोल भोंगा (सायरन) मिळाला. नावाची पट्टी नाही. तो अ‍ॅम्ब्युलन्सचा की बंबाचा? – कसबा पेठ

आधी त्याला वायरब्रश, रॉकेल, पॉलिश काहीही लावू नका. तो कुठल्या गाडीवर होता याचा खरा पुरावा रंगाच्या थरांत असतो आणि पहिल्याच साफसफाईत तो जातो. भोंग्याच्या बैठकीखाली, वॉशरखाली मूळ रंग शाबूत राहतो. तिथे सगळ्यात खालचा थर लाल निघाला तर बंबाकडे कल धरा. नुसत्या आकारावरून गाडी ठरवू नका, एकच मॉडेल पोलिस, अ‍ॅम्ब्युलन्स आणि अग्निशमन दलालाही विकलं जाई.

मुळात तो गाडीवरचाच आहे ना, हे आतल्या मोटरचं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) सांगतं. फील्ड कॉइलची (मोटरमधल्या स्थिर गुंडाळीची) तार काडेपेटीच्या काडीएवढी जाड असेल तर बॅटरीवरचा. बारीक असेल तर 230 व्होल्टचा, कारखान्यातला.

देश ओळखायला बोल्टचे आटे मोजा. पाव इंच आणि 5/16च्या बोल्टवर वेळ घालवू नका. ब्रिटिश व्हिटवर्थ (तिकडची जुनी आट्यांची पद्धत) आणि अमेरिकन जाड आटे तिथे सारखेच, इंचाला 20 आणि 18. अर्ध्या इंचात मात्र ब्रिटिश 12, अमेरिकन 13. बसवायचे बोल्ट इथे बदललेले असू शकतात, म्हणून शक्यतो केसिंगचे बघा. ब्रिटनमध्ये बंबांवर 1960च्या दशकापर्यंत घंटा असे. त्यामुळे तिकडच्या जुन्या बंबावर भोंगा दिसला तर तो बहुधा नंतर बसवलेला.

पट्टीवर 'फेडरल साइन अँड सिग्नल, शिकागो' आहे, पण व्होल्टेज पुसलंय. थेट 12 व्होल्ट देऊ का? – कोथरूड

नको. कंपनीने नावातलं 'साइन' 1970च्या दशकात काढलं, म्हणजे तुमचा त्याआधीचा. अमेरिकन गाड्या 1950च्या दशकाच्या मध्यावर 6 वरून 12 व्होल्टवर आल्या, त्यामुळे दोन्ही शक्य आहे. मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजून निकाल लागत नाही. तो इतका कमी असतो की मीटरच्या वायरींचाच जास्त भरतो.

ड्रम (खिडक्या असलेलं आतलं फिरतं चाक) आधी हाताने फिरवा. कुठे घासत असेल तर बेअरिंग गेलंय किंवा आत कुंभारीण माशीचं मातीचं घर आहे. कार्बन (मोटरला वीज पोचवणारे ब्रश) मोकळे सरकतात का बघा. मग भोंगा व्हाइसमध्ये घट्ट धरून, कानांवर मफ लावून, फ्यूजमधून 6 व्होल्ट फक्त दोन-तीन सेकंद द्या. जोमाने सूर चढला तर तो 6चाच; सुस्त, खालच्या सुरात रेंगाळला तर 12. ड्रम काढून मोटर कधीही चालवू नका. ही सिरीज मोटर असते, भार नसला की वेग आवरत नाही आणि आर्मेचरची (मोटरच्या फिरत्या भागाची) तार उसवते.

ड्रम उलटा फिरतोय असं वाटलं तर बॅटरीची टोकं बदलून उपयोग नाही, दिशा तीच राहते. रिवाइंडिंग करताना फील्डची जोडणी उलटी झालीय.

मोठा बंबाचा भोंगा आहे. नव्या बॅटरीवरही सूर पूर्ण चढत नाही. – खडकी

मोटर उघडण्याआधी वायर तपासा. फेडरलच्या क्यू जातीचा भोंगा 12 व्होल्टला सुमारे 100 अँपिअर ओढतो. 4 चौरस मिमीची तांब्याची वायर जाऊन-येऊन 6 मीटर असेल, तर पावणेतीन व्होल्ट वायरीतच जिरतात. 25 चौरस मिमीची घाला, जोडीला स्टार्टरचा सोलेनॉइड (जड करंटचा स्विच). हॉर्नचं बटण एवढा करंट सोसत नाही.

तरीही चढला नाही तर वेग मोजा. फोनवरच्या ट्यूनर अ‍ॅपमध्ये येणारे हर्ट्झ भागिले ड्रमच्या खिडक्या, गुणिले 60. खिडक्या 12 आणि सूर 600 हर्ट्झ असेल तर मिनिटाला 3000 फेरे. वेग कमीच भरला, तर झिजलेले कार्बन किंवा काळा पडलेला कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात ते तांब्याच्या पट्ट्यांचं कडं). तो शून्य नंबरच्या काचपेपरने घासा. एमरी पेपर नको, त्याचे कण वीजवाहक असतात आणि पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात.

माझ्या जीपवर बसवून विसर्जन मिरवणुकीत वाजवता येईल का? – हडपसर

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 119 प्रमाणे अशा कर्कश, चढउताराच्या आवाजांची मुभा अ‍ॅम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलिस अशा ठरावीक वाहनांनाच आहे. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात शोभेला बसवा, पण वायर सोडवून टोकांना टेप गुंडाळून.