'ई.पी.एन.एस.'चे चमचे चांदीचे म्हणावेत का?

प्रश्न असा : जुन्या काट्याचमच्यांच्या मागे 'ई', 'पी', 'एन', 'एस' ही अक्षरं वेगवेगळ्या ढालींसारख्या चौकटींत आहेत, पुढे 'ए१'. वर्णनात 'चांदीचे चमचे' लिहावं का? आणि या खुणांना 'हॉलमार्क' म्हणता येईल का?

दोन्ही नको. ई.पी.एन.एस. म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. निकेल सिल्व्हर, म्हणजेच आपलं जर्मन सिल्व्हर, हा तांबं, जस्त आणि निकेलचा मिश्रधातू. नावात सिल्व्हर असूनही त्यात चांदी नसते. चांदी फक्त वरच्या थरात. तेव्हा 'चांदीचा मुलामा दिलेले' किंवा 'चांदीचं पाणी चढवलेले' हेच बरोबर. 'कलई' लिहू नका, ती कथलाची. 'वर्ख'ही नाही, तो कुटून पातळ केलेला पत्रा.

हॉलमार्क हा शब्द लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलवरून आला. कस लावून पाहिल्यावर तिथे ठसा मारत. इंग्लिश स्टर्लिंगवर, म्हणजे ९२.५ टक्के चांदीवर, चालता सिंह, कस लावणाऱ्या गावाची खूण आणि बहुधा वर्षाचं अक्षर (दरवर्षी बदलणारं) असतं. ढालींतली ई.पी.एन.एस. अक्षरं मात्र कारखान्याने स्वतःच मारलेली, आणि मांडणी मुद्दाम हॉलमार्कसारखी. 'ए१' हाही कारखान्यानेच दिलेला दर्जा. यांना 'ठसा' किंवा 'छाप' म्हणावं. मुकुट दिसला तर विशेष जपा : इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कस कार्यालयाची खूण १९७४ पर्यंत मुकुटच होती, आणि मुलाम्याच्या जुन्या मालावरही मुकुट सापडतो. सिंह नसेल तर तो चांदीचा पुरावा धरू नका.

शब्दाची ही चूक काळ ठरवतानाही नडते. काही कारखाने मुलाम्याच्या मालावर वर्षाचं अक्षर मारत, पण ते त्यांच्या स्वतःच्या क्रमाचं. हॉलमार्कच्या तक्त्यात ते शोधलं की भलतंच वर्ष हाती येतं. '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' या अमेरिकन छापातलं १८४७ तर छापाच्या नावाचाच भाग आहे, चमचा घडवल्याचं वर्ष नव्हे.

भरवशाची खूण म्हणजे ब्रिटिश नक्षीनोंदणीचा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठसा, १८४२ ते १८८३ मधला. चौकटीवरच्या गोलातला रोमन 'एक' धातूचा वर्ग सांगतो. वर्षाचं अक्षर गोलाखालच्या कोपऱ्यात असेल तर १८४२–६७, उजव्या कोपऱ्यात असेल तर १८६८–८३. १८८४ पासून 'आर.डी. नं.' आणि पुढे आकडा. यातून नक्षीची नोंद कधी झाली ते कळतं. चमचा त्याआधीचा नाही, नंतरचा कितीही असू शकतो.

ठसा वाचण्याआधी पॉलिश करू नका, घासून कडा बुजतात. साबणपाण्याने धुऊन, दिवा एका बाजूला ठेवून दहापट भिंगातून पाहा. मग चमच्याचा टेबलावर टेकणारा भाग आणि काट्याची टोकं तपासा. मुलामा आधी तिथेच उडतो आणि खालचा पिवळट-राखाडी धातू दिसतो.

नोंद अशी करता येईल : 'टेबलचमचा, निकेल सिल्व्हरवर चांदीचा मुलामा, ई.पी.एन.एस. छाप, नक्षीनोंद १८६८–८३, टेकणीवर मुलामा उडालेला.'