खान्देशातल्या माणसाला दिल्लीचा उन्हाळा असह्य उष्ण आणि दमट वाटतो का?

मुलीला शिक्षणासाठी जूनमध्ये दिल्लीला पाठवायचे आहे आणि तिथला उन्हाळा फार उष्ण व दमट असतो असे ऐकले आहे, ते कितपत खरे, असे आपण विचारले आहे. मी मूळचा भुसावळचा असून नोकरीनिमित्त काही वर्षे दिल्लीत राहिलो आहे. तिथे ऊन सर्वांत कडक असते तेव्हा हवा दमट नसते, आणि ती दमट होते तोवर आपल्याकडचा उन्हाळा सरलेला असतो.

एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत दिल्लीची हवा बहुतांशी कोरडी असते. राजस्थानकडून येणारी लू दुपारभर वाहते. मे महिन्यात कमाल तापमान सरासरी ४० अंशांच्या आसपास असते. २९ मे २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत ते ४६.८ अंशांवर गेले होते. जळगाव-भुसावळच्या माणसाला हे आकडे नवे नाहीत. केळीच्या बागेला पश्चिमेकडून शेवरी किंवा हिरवी जाळी का लावतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला लू समजावून सांगावी लागत नाही. डोक्याला रुमाल, भरपूर पाणी, कैरीचे पन्हे आणि भर दुपारी बाहेर न पडणे ही आपली रीत तिथेही उपयोगी पडते.

खरा त्रास पावसाबरोबर सुरू होतो. मोसमी पाऊस दिल्लीत पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख २७ जून आहे. आपल्याकडे पाऊस स्थिरावला की जुलैत दिवसाचा पारा तिशीच्या जरा वर येऊन थांबतो. दिल्लीत तो ३५ अंशांच्या आसपास राहतो, रात्रीही २७ अंशांखाली फारसा उतरत नाही, आणि पावसाने चार दिवस दडी मारली की पुन्हा चढतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेत बाष्प भरलेले असल्याने ते काम मंदावते, आणि म्हणून जुलैतले ३५ अंश मला मेमधल्या ४२ अंशांहून जड गेले.

कूलरवरून हा फरक लगेच कळतो. मे महिन्यात खिडकीतला कूलर खोली सुखद गार करतो. जुलैत तोच कूलर लावला तर चादर ओलसर होते, वह्यांची पाने मऊ पडतात आणि अंगाची चिकचिक तशीच राहते. तेव्हा त्यातला पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता वारा घ्यावा आणि समोरची खिडकी उघडी टाकावी.

म्हणून खोली बघताना मे महिन्याचा नव्हे, तर जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच्या काळाचा विचार करावा, असे मी कळकळीने सांगेन. गच्चीखालची खोली भाड्याने स्वस्त मिळाली तरी घेऊ नये; दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर धग सोडत राहतो. मधल्या मजल्यावरची, दोन बाजूंनी खिडक्या असलेली खोली पाहावी, आणि एसी असेल तर विजेचे बिल भाड्यात धरले आहे की मीटरप्रमाणे वेगळे द्यायचे आहे, हे घरमालकाला आधीच विचारून घ्यावे.