अंबडमधील पावसाळी गटारांची रचना कोकणातील कारखान्यात चालेल का?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वापरलेली रचनाच कोकण किनाऱ्यावरील नव्या कारखान्यात करावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती जशीच्या तशी चालणार नाही. नाशिक शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर कोकणात २,००० मिलिमीटरहून अधिक. त्याहून मोठी अडचण भरतीची आहे: मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आल्यास खाडीचे पाणी गटारातून उलट आत शिरते, म्हणून गटाराच्या तोंडावर एकाच दिशेने उघडणारी झडप आणि ओहोटीपर्यंत पाणी धरून ठेवणारी टाकी, या दोन्ही गोष्टी हव्यात. खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे लवकर झिजतात आणि ते जस्त पावसाबरोबर खाडीत जाऊन जलचरांना अपाय करते; पत्र्यांना चांगला रंग देण्याचा साधा उपायही अनेकदा राहून जातो, याचे वाईट वाटते. रसायनांची पिंपे छपराखालीच ठेवावीत. तेल, धूळ व धातूंचे कण वाहून आणणारे पहिल्या सरींचे पाणी वेगळे साठवून प्रक्रियेनंतरच सोडावे. १,००० चौरस मीटर फरसबंद आवारावर १० मिलिमीटर पाऊस पडल्यास सुमारे १०,००० लिटर पाणी जमते, त्यानुसार टाकीचे आकारमान ठरवावे.