लिंक्डइनवरून कुणाला काढू, कुणाला ठेवू?

प्रश्न : मी पंचवटीत राहते, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीसाठी ओळखी वाढवायला लिंक्डइनवर ‘५०० कनेक्शन्स झालीच पाहिजेत’ असं सगळे म्हणायचे, म्हणून येईल ती रिक्वेस्ट स्वीकारली. आता परदेशी नोकरीसाठी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागणारे मेसेज रोज येतात. अकाउंट बंद करून नवीन उघडू का? काढलेल्या माणसाला ते कळतं का?

उत्तर : बंद मुळीच करू नकोस. ओळखीची, कामाची माणसंही त्यात आहेत; ती पुन्हा जमवायला फार वेळ जाईल. काढलेल्या माणसाला सूचना जात नाही, त्यामुळे संकोच नको. ‘माय नेटवर्क’मध्ये ‘कनेक्शन्स’ उघड, नावासमोरच्या तीन टिंबांवर दाब आणि ‘रिमूव्ह’ कर. एकेकालाच काढावं लागतं, म्हणून रोज थोडी थोडी नावं घे.

मात्र सरसकट हात चालवू नकोस. समजा, अंबडच्या कारखान्यात तू इंटर्नशिप केलीस आणि तिथल्या साहेबांनी तुला प्रोफाइलवर रेकमेंडेशन, म्हणजे शिफारस, लिहून दिलं. त्यांच्या सणावाराच्या शुभेच्छांना कंटाळून त्यांना काढलंस, तर ते रेकमेंडेशनही जातं आणि पुन्हा जोडून घेतलं तरी परत येत नाही. अशांना फक्त ‘अनफॉलो’ कर. कनेक्शन टिकतं, पोस्ट दिसायच्या थांबतात.

पैसे मागणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना नुसतं काढून भागत नाही. आधी मेसेजचे स्क्रीनशॉट घे, मग रिपोर्ट आणि ब्लॉक कर. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागणाऱ्याशी पुढे एक शब्दही बोलू नकोस, लेटरहेड कितीही मोठ्या कंपनीचं असो. तू कुणाला पैसे पाठवलेस का, ते पत्रात लिहिलेलं नाहीस. पाठवले असतील तर आईबाबांना सांग आणि आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन कर. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आकड्याची काळजी सोड. ५०० च्या पुढे कितीही असले तरी प्रोफाइलवर ‘५००+’ एवढंच दिसतं. सातपूर-सिन्नरच्या कंपनीत मुलाखत घेणारा तुला तुझ्या प्रोजेक्टबद्दल विचारेल.

आणखी एक, सेटिंग्जमध्ये तुझा ई-मेल कुणाला दिसतो ते तपास आणि फोनमधले नंबर सिंक होत असतील तर तेही बंद कर.